रिकामा डबा, चार तंत्रं: ॲनिमेशनच्या शैलींची तुलना कशी करावी

हाताने काढलेली एक फिल्म आणि मातीच्या बाहुल्यांची दुसरी फिल्म शेजारी ठेवून प्रेक्षकावरचा परिणाम तोलायला गेलं, की गोष्ट वेगळी, संगीत वेगळं, लांबी वेगळी. प्रेक्षक हळवा झाला तो नेमका कशामुळे, हे कळायला मार्गच उरत नाही. तुलना खरी व्हायची तर प्रसंग एकच हवा, टायमिंग एकच हवं आणि बदलायचं ते फक्त तंत्र. सहा सेकंदांचा एक प्रसंग त्यासाठी पुरतो. तंत्रं चार: हाताने काढलेलं, कागदी तुकडे, माती (क्ले) आणि थ्रीडी.

प्रसंग असा घ्या: पाच-सहा वर्षांचा मुलगा ओट्यावरचा लाडवांचा डबा उघडतो. डबा रिकामा आहे. तो आत बघत राहतो, मग दाराकडे बघतो, झाकण लावतो आणि हात झाकणावरच ठेवतो. बस, एवढंच. यात हालचाल आहे, वजन असलेली वस्तू आहे आणि मुख्य म्हणजे लांबलचक थांबणं आहे. पात्र धावत-उड्या मारत असताना कुठलंही तंत्र बऱ्यापैकी निभावून जातं. ते थांबलं, की तंत्राचा स्वभाव उघडा पडतो. प्रेक्षक पात्राच्या मनात शिरतो तोही त्याच क्षणी. म्हणून या प्रसंगातले ते दीड सेकंद सगळ्यात महत्त्वाचे.

आधी शीट, मग बाकी सगळं

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सहा सेकंदांच्या १४४ फ्रेम होतात. टायमिंग शीटवर त्या अशा वाटा: १ ते १६ हात झाकणापर्यंत येतो. १७ ते २८ झाकण उघडतं. २९ ते ६४ मुलगा आत बघतो, हा पहिला होल्ड, म्हणजे पात्र थांबलेलं असतानाचा काळ, ३६ फ्रेमचा. ६५ ते ७२ मान वळून दाराकडे. ७३ ते ९६ दाराकडे नजर, दुसरा होल्ड, २४ फ्रेमचा. ९७ ते १०८ झाकण बंद. १०९ ते १४४ हात झाकणावर, शेवटचा होल्ड, पुन्हा ३६ फ्रेमचा. पहिल्या होल्डमध्ये फ्रेम ४९ पासून पापणी एकदा मिटते: अर्धी मिटलेली दोन फ्रेम, पूर्ण दोन, अर्धी उघडलेली दोन.

हे शीट चारही तंत्रांत जसंच्या तसं पाळायचं. क्ले करताना ‘जरा अजून थांबू दे’ असं वाटेल, पण थांबवू नका. होल्ड बारा फ्रेमने वाढला की मुलगा जास्त दुःखी दिसतो आणि त्याचं श्रेय चुकून मातीला दिलं जातं. कॅमेऱ्याची चौकटही सारखीच ठेवा: ओट्याच्या उंचीवर, मुलगा कमरेपासून वर, डबा फ्रेमच्या डावीकडच्या एक-तृतीयांश भागात. रंगही ठरवून टाका, नाहीतर एका आवृत्तीतला पिवळा सदरा आणि दुसरीतला राखाडी सदरा यांचीच तुलना होऊन बसते.

शीट नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. १४४ पैकी ९६ फ्रेम होल्डच्या आहेत, खरी हालचाल फक्त ४८ फ्रेमची. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं, ज्याला ‘टूजवर’ करणं म्हणतात, तर हालचालीला २४ चित्रं लागतात. एकट्या माणसाला चार आवृत्त्या झेपतात त्या यामुळेच.

हाताने काढलेलं

लाइट बॉक्स (खालून उजेड देणारी पेटी), पेग बार (कागद एकाच जागी धरणारी खुंट्यांची पट्टी) आणि भोकं पाडलेले ८० जीएसएमचे कागद, किंवा टॅबलेटवर क्रिटा वा ओपनटून्झ हे सॉफ्टवेअर. दोन्हींत काम तेच. आधी की-ड्रॉइंग, म्हणजे मुख्य टप्प्यांची चित्रं, काढा: फ्रेम १, १७, २९, ६५, ७३, ९७, १०९. ती एकावर एक ठेवून डोक्याची उंची आणि डब्याची रुंदी तपासा, मगच मधली चित्रं भरा. पहिल्या चित्रावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं सरळ पुढे काढत गेलं की डोकं हळूहळू फुगतं. प्रत्येक चित्रात केसभर चूक होते आणि चोविसाव्या चित्रापर्यंत तिची बेरीज डोळ्यांत भरते.

आता होल्ड. एकच चित्र ३६ फ्रेम धरलं तर आधीच्या थरथरत्या रेषांनंतर ते एकदम गोठल्यासारखं दिसतं. म्हणून तेच चित्र तीनदा ट्रेस करा आणि तिन्ही आलटून पालटून दोन-दोन फ्रेम दाखवा. रेषा किंचित उकळत राहते. याला बॉइल म्हणतात. तीन होल्डची नऊ चित्रं आणि पापणीची दोन. अर्धी पापणी मिटताना आणि उघडताना एकच चित्र वापरता येतं. हालचालीची २४ धरून सगळी मिळून ३५ चित्रं झाली. ट्रेस करताना रेषेवरून अर्ध्या मिलिमीटरच्या वर घसरू नका. जास्त घसरलं की मुलगा थंडीने कुडकुडतोय असं वाटतं, आणि प्रेक्षक खरंच तसं सांगतो.

या आवृत्तीत बघणाऱ्याला रेषेमागचा हात जाणवतो. चेहरा तीन-चार रेषांचा असला तरी चालतं, उरलेलं तो स्वतः भरतो. आठवण, स्वप्न, मनातली भीती, एका वस्तूचं दुसऱ्या वस्तूत रूपांतर, हे या तंत्राचं घरचं अंगण. कमी पडतं ते वजन. स्टीलचं झाकण रेषेत कागदासारखं उचललं जातं. ते जड वाटावं म्हणून उघडण्याच्या बारा फ्रेमपैकी पहिल्या चारांत झाकण जेमतेम हलू द्या आणि त्याआधी खांदा खाली घ्या.

कागदी तुकडे आणि सावली

२५० ते ३०० जीएसएमच्या कार्डातून डोकं, धड, दंड, हात, पंजा, डबा आणि झाकण वेगळे कापा. सांध्याला दोरा ओवून मागे टेपने चिकटवा. धातूचं बटण लावलं तर ते दिव्यात चमकतं. कापलेल्या कडेचा पांढरा कागद रंगीत पृष्ठभागाजवळ लखलखतो, म्हणून प्रत्येक कड त्याच रंगाच्या मार्करने रंगवून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण सोडलं तर सगळी आवृत्ती शाळेच्या प्रकल्पासारखी दिसते. कॅमेरा वरून काटकोनात लावा. तुकडे सपाट राहावेत म्हणून वर काच ठेवली तर तिच्यात कॅमेराच दिसतो. त्यावर उपाय म्हणजे काळ्या कापडाला भोक पाडून ते लेन्सभोवती पडद्यासारखं लावायचं.

कागदी पात्राला स्थिरता शोभते. ३६ फ्रेम ते ठार थांबलं तरी खटकत नाही, कारण ते कागद आहे हे बघणाऱ्याने पहिल्या सेकंदालाच मान्य केलेलं असतं. पापणीचे तुकडे चिमट्याने बदला, बाकी काही हलवू नका. या आवृत्तीत प्रेक्षक मुलाच्या आत कमी जातो आणि मुलाची गोष्ट कोणीतरी सांगतंय अशा अंतरावरून बघतो. हे अंतर दुबळेपणाचं नाही. आरोग्याची माहिती, इतिहास, हिंसा, मृत्यू असे विषय याच अंतरामुळे बघवतात.

त्याच तुकड्यांची सावली करून बघायची असेल तर काचेखाली ट्रेसिंग पेपर लावा, खालून ३० सेंटिमीटरवर दिवा ठेवा आणि पात्र काळ्या कार्डातून कापा. तुकडा काचेला चिकटून असेल तोवर कड धारदार, थोडा उचलला की ती विरते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्याला टेकवून नाचवतात आणि मागे घेऊन धूसर करतात, तो परिणामही असाच दिसतो. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी १९२६ साली पूर्ण लांबीचा चित्रपट सावल्यांच्या कापीव आकृत्यांवर उभा केला. सावलीत चेहऱ्याचा भाव हाती नसतो. सगळं काम मान, मनगट आणि बोटांच्या फटीने करायचं. या प्रसंगात मान १० अंश खाली गेली तरी पुरतं. २० अंश गेली की मुलगा डब्यात डोकं घालतोय असं दिसतं.

मातीचं

इथे शाडू वापरायचा मोह होतो. वापरू नका. शाडू पाण्यावर मळलेला असतो, दिव्याखाली तास-दोन तासांत वाळून सांध्याशी तडे जातात. तेलावर मळलेलं प्लॅस्टिसिनच हवं. ते वाळत नाही, पण उन्हाळ्यात मऊ पडतं आणि नाक खाली ओघळतं. शूटिंगच्या वेळी पंखा बंदच ठेवावा लागतो, नाहीतर पडदा आणि केस हलतात. म्हणून दिवे एलईडीचे घ्या. बाहुली मऊ झाली तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर धरलेलं दव पुसूनच पुढचा फोटो घ्या.

सांगाड्याला दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पीळ देऊन, बोटांना एक मिलिमीटरची. तार मनगटाशी तुटते. म्हणून पंजा वेगळा करून ओवता येईल असा ठेवा आणि एक जास्तीचा तयार करा. मुलगा ओट्यामागे उभा असल्याने पाय लागत नाहीत, तारेचं खालचं टोक फळीत स्क्रूने घट्ट बसवा. झाकण खऱ्या स्टीलचं घेतलं तर त्यात आसपासच्या खोलीचं प्रतिबिंब दिसतं आणि वजनाने मातीचा हात लोंबतो. पातळ कार्ड करड्या-रुपेरी मॅट रंगाने रंगवा आणि ते मागून तारेने पेला.

फोनवर करत असाल तर ॲपमध्ये एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवा मिणमिणतो. शटर १/२५ सेकंद किंवा त्याहून संथ ठेवलं तर ते मिणमिणणं फोटोत उतरत नाही. खिडकी बंद करा, गडद कपडे घाला आणि प्रत्येक फोटोच्या वेळी एकाच जागी उभे राहा. पांढरा सदरा घातलेला माणूस दर फोटोला वेगळ्या ठिकाणी उभा असेल तर भिंतीवरचा उजेड प्रत्येक फ्रेमला बदलतो.

होल्डमध्ये काहीच हलवायचं नसलं तरी दर दोन फ्रेमला नवा फोटो घ्या, एकच फोटो पुन्हा पुन्हा लावू नका. फोटोतल्या बारीक दाण्यांची चुळबुळ थांबली की चित्र अडकल्यासारखं दिसतं. फोटो ७२ होतील, तासाला वीस-पंचवीस धरले तर तीन-चार तासांचं काम.

मातीवरचे बोटांचे ठसे पुसू नका असं आमचं ठाम मत आहे. ठसे प्रत्येक फोटोला थोडे बदलतात आणि थांबलेल्या मुलाची त्वचा जणू श्वास घेते. या आवृत्तीत बघणाऱ्याला वस्तू हातात घ्यावीशी वाटते. डबा किती लहान आहे, मुलगा कसा वीतभर आहे, हे त्याला अंगाने कळतं, कारण सावल्या खऱ्या आहेत. रिकामा डबा इथे सगळ्यात जास्त रिकामा वाटतो. मात्र झटपट हालचाल ही या तंत्राची दुखरी जागा. प्रत्येक फोटो ठणठणीत स्पष्ट असतो, वेगातली धूसरता नसते, त्यामुळे मान आठ फ्रेममध्ये वळताना ती ठेचकाळते. वळताना पापणी अर्धी मिटवा, ठेच झाकली जाते.

थ्रीडी

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पात्र साधं ठेवा. पूर्ण मॉडेल आणि रिग (पात्र हलवण्याचा आतला सांगाडा) करायला जितका वेळ जाईल तितक्यात बाकीच्या तिन्ही आवृत्त्या होतील, त्यामुळे तयार मोफत रिग घेतलं तरी हरकत नाही. आधी सगळ्या की, म्हणजे ठरावीक फ्रेमला नोंदवलेल्या पोझ, ‘कॉन्स्टंट’ ठेवून तपासा (मधली हालचाल भरली जात नाही), मग ‘बेझियर’वर जा (ती आपोआप भरली जाते). तिथे गेल्यावर पात्र पाण्याखाली असल्यासारखं तरंगतं. कारण असं, की हात, मान आणि झाकण सगळं एकाच फ्रेमला सुटतं आणि एकाच फ्रेमला थांबतं. डोळे आधी, मान दोन फ्रेमनंतर, खांदा आणखी दोन फ्रेमनंतर, असं सरकवा.

होल्ड इथे सर्वात कठीण. दोन सारख्या की ठेवल्या तर पात्र पूर्ण गोठतं आणि व्हिडिओ पॉज झाला की काय असं वाटतं. प्रकाश, पोत, केस हे सगळं खऱ्याच्या जवळ गेलेलं असतं, म्हणून बघणाऱ्याची अपेक्षाही खऱ्या माणसाची होते. ३६ फ्रेममध्ये मान दोन अंश खाली येऊ द्या, छाती श्वासाने किंचित वर-खाली होऊ द्या, बुबुळं डब्याच्या तळावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदा फिरवा. बुबुळं फिरवली नाहीत तर मुलगा डब्यात बघतोय हेच पटत नाही. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेली ‘अनकॅनी व्हॅली’ ती हीच: माणसाच्या फार जवळ गेलेली पण पूर्ण न पोहोचलेली आकृती अंगावर येते, आणि ती हलू लागली की तो परिणाम आणखी वाढतो. त्वचा साधी ठेवा, डोळे थोडे मोठे करा. त्याने दरी टळते.

थ्रीडीचा खरा फायदा या प्रसंगात फारसा दिसत नाही, कारण कॅमेरा स्थिर आहे. जागेची खोली, कॅमेरा घेऊन फिरणं, गर्दी, यांत त्याला तोड नाही. ते वेगळ्या फेरीत तपासा.

दुसरी फेरी: तंत्र तेच, पकड वेगळी

चारही आवृत्त्या झाल्यावर थ्रीडीचीच फाइल पुन्हा उघडा आणि ग्राफ एडिटरमध्ये ‘स्टेप्ड इंटरपोलेशन’ मॉडिफायर लावून स्टेप २, मग ३ करा. एकाच आवृत्तीच्या वन्सवर, टूजवर आणि थ्रीजवर अशा तीन प्रती मिळतात. वन्सवर सेकंदाला २४ पोझ, थ्रीजवर ८. कमी पोझमध्ये हालचाल ठाशीव होते आणि पात्र चित्रासारखं वाटू लागतं. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये नवखा नायक सुरुवातीला टूजवर आणि सरावलेला जोडीदार वन्सवर ठेवला आहे, तो याच परिणामासाठी. या तीन प्रती बघितल्यावर पुष्कळदा लक्षात येतं, की ‘शैली’ म्हणून जे जाणवत होतं त्यातलं बरंचसं पोझ किती वेळ धरली यात होतं.

कॅमेरा सरकत असेल तर मात्र सावध. कॅमेरा वन्सवर आणि चालणारं पात्र टूजवर असलं की पाय जमिनीवर घसरतात, पात्र थरथरतं. अशा शॉटमध्ये पात्रही वन्सवर आणा.

प्रेक्षकांना दाखवताना

१६ जण जमवा, चार-चारांचे चार गट करा. आवृत्त्यांना अ, ब, क, ड नावं द्या आणि क्रम बदला: पहिल्या गटाला अ-ब-ड-क, दुसऱ्याला ब-क-अ-ड, तिसऱ्याला क-ड-ब-अ, चौथ्याला ड-अ-क-ब. यात प्रत्येक आवृत्ती प्रत्येक जागी एकदा येते आणि प्रत्येकीच्या लगेच आधी बाकीची प्रत्येक एकदाच येते. एकच क्रम सगळ्यांना दाखवला तर शेवटची आवृत्ती कंटाळ्यात बुडते. एकेकट्याला दाखवा. चार जण एकत्र बसले की पहिला जे बोलतो त्याची बाकीचे री ओढतात.

पहिल्यांदा आवाज बंद. दुसऱ्यांदा दाखवताना चारहींना झाकणाचा एकच आवाज लावा, फ्रेम १०८ वर किंवा एक फ्रेम नंतर. आधी लावलात तर तो खोटा वाटतो. स्टीलचा खणखणीत आवाज लागताच हाताने काढलेलं हलकं झाकणही जड होतं. हा फरक नोंदवण्याजोगा असतो.

‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारू नका. माणसं तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. ‘काय झालं ते सांगा’ असं म्हणा आणि उत्तर शब्दशः लिहून घ्या. मग विचारा: डबा जड होता का? दाराकडे त्याने का बघितलं? मुलाचं वय काय असेल? पुढे तो काय करेल? कागदी आवृत्तीत लोक ‘मुलगा’ म्हणतात की ‘तो’, क्लेमध्ये ‘बिचारा’ हा शब्द येतो का, थ्रीडीत गोष्ट सोडून केसांबद्दल बोलतात का, हे शब्द गुणांकनापेक्षा जास्त सांगून जातात. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मेरिॲन झिमेल यांनी १९४४ साली दोन त्रिकोण आणि एका वर्तुळाची छोटी फिल्म दाखवून ‘काय झालं ते लिहा’ एवढंच सांगितलं होतं. बघणाऱ्यांनी भांडण, पाठलाग, धाकदपटशा असं सगळं लिहिलं. त्याच्या कितीतरी आधी, १९१० च्या दशकात, दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक फ्रेम हलवून त्यांच्याकडून मौज करवून घेतली होती. चेहरा नसलेल्या काडीलाही आपण स्वभाव देतो. म्हणून एखाद्या आवृत्तीत प्रेक्षकाला मुलाचं मन दिसलं नाही, तर दोष चेहऱ्याच्या तपशिलात शोधण्याआधी टायमिंगमध्ये शोधा.

१६ जणांवरून टक्केवारी काढू नका, तेवढ्या संख्येला ती पेलत नाही. तुमच्या पुढच्या फिल्मचं तंत्र ठरवायला त्यांची वाक्यं पुरेशी आहेत.

दाखवण्याआधी दोन तपासण्या करा. फाइल ज्या वेगावर बनवली त्याच वेगावर एक्स्पोर्ट करा. २४ ची फिल्म ३० वर काढली तर काही फ्रेम दुप्पट होतात आणि सगळ्यात जास्त धक्के क्लेच्या आवृत्तीला बसतात. दुसरी तपासणी लखलखाटाची. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने उघडझाप झाला आणि सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यात बहुतेक मुलं होती. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट कुठल्याही आवृत्तीत राहू देऊ नका. कागदी आणि मातीच्या शूटिंगमध्ये दिवा हलल्याने असा लखलखाट नकळत शिरतो, तेव्हा त्या दोन फाइली फ्रेम-फ्रेमने बघा आणि उजेड उडालेला फोटो काढून टाकून शेजारचा फोटो दोनदा लावा.

दोन दिवसांनी त्याच १६ जणांना फोन करून एकच विचारा: शेवटी मुलाचा हात कुठे होता?